धातूच्या हलक्या विमानात फ्लार्म, ट्रान्सपॉन्डर, व्हीएचएफ आणि जीपीएस: कोणती अँटेना कुठे लावावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी वैमानिकाने मित्रांबरोबर भागीदारीत पायपर पीए-२८ घेतलंय. पूर्ण धातूचं, पंख खाली. त्यात आसपासची विमानं दाखवणारं फ्लार्म बसवलंय. ते १०९० मेगाहर्ट्झवरचे एडीएस-बीचे संदेशही (विमानं स्वतःची जागा आपोआप प्रसारित करतात ते) ऐकतं. फ्लार्मची अँटेना, १०९०ची अँटेना आणि जीपीएसची छोटी वडी, तिन्ही समोरच्या काचेखाली ग्लेअरशील्डवर, म्हणजे पॅनेलवरच्या ऊन अडवणाऱ्या फळीवर, चिकटवल्या आहेत. तक्रारी तीन: मागून किंवा खालून येणारी विमानं पडद्यावर येतच नाहीत, रेडिओवर बोलायला लागलं की कधीकधी जीपीएस जातं, आणि एक विमान सतत आपल्याच उंचीवर, अगदी जवळ दिसत राहतं. अँटेना नेमक्या कुठे लावायच्या आणि एकमेकींपासून किती लांब, हे विचारलंय.

या तीन तक्रारींत पहिली सर्वांत गंभीर आहे. जीपीएस गेलं की उपकरण ओरडतं, खोटं विमान डोळ्यांना खुपतं. पण जे विमान ऐकूच आलं नाही त्याची तक्रार कोण करणार? पडदा रिकामा दिसतो आणि वैमानिक निर्धास्त होतो. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी सेकंदांचा हिशेब मांडू. दोन विमानं समोरासमोर, प्रत्येकी १०० नॉट वेगाने येत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला सुमारे १०३ मीटरने कमी होतं. उपकरणाला समोरचं विमान ३ किलोमीटरवरून ऐकू आलं तर हातात २९ सेकंद असतात. दीड किलोमीटरवर ऐकू आलं तर जेमतेम १५. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाच्या (एफएए) मार्गदर्शक पत्रकात दुसरं विमान दिसणं, ओळखणं, निर्णय घेणं आणि आपलं विमान प्रत्यक्ष वळणं, या सगळ्याला मिळून १२.५ सेकंद धरलेत. म्हणजे ३ किलोमीटरच्या पल्ल्यात मान वळवून शोधायला वेळ आहे, दीड किलोमीटरच्या पल्ल्यात जवळजवळ नाही. आणि पल्ला निम्मा व्हायला फार काही लागत नाही. सिग्नलमध्ये ६ डेसिबलची घट आली की मोकळ्या हवेतला पल्ला अर्धा होतो. वाकडी अँटेना, बारीक केबल आणि काचेची धातूची पट्टी एकत्र आल्या की ६ डेसिबल सहज जातात.

आता तुमच्या विमानाचा आकार डोळ्यांपुढे आणा. ग्लेअरशील्डवरच्या अँटेनाच्या वर धातूचं छप्पर, मागे माणसं आणि पूर्ण धातूची धड, खाली इन्स्ट्रुमेंट पॅनेल, फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली धातूची भिंत) आणि दोन्ही बाजूंना पंख. मोकळं उरतं ते समोर आणि थोडं दोन्ही बाजूंना. थोडक्यात, ही अँटेना तेवढंच ऐकते जेवढं तुम्हाला सीटवर बसून दिसतं. मग तिचा उपयोग काय राहिला? सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) आणि फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) खरा धोका असतो तो खाली पंख असलेलं विमान वर पंख असलेल्या विमानावर उतरत जाण्याचा. वरच्याला खालचं दिसत नाही, खालच्याला वरचं. तुमच्या डोळ्यांना आंधळा असलेला तोच कोपरा तुमच्या अँटेनालाही आंधळा आहे. अँटेनाची जागा ठरवताना माझी पहिली कसोटी नेहमी हीच असते: जिथे वैमानिकाची नजर पोचत नाही तिथलं हिला ऐकू येतंय का?

यात आणखी एक मेख आहे. ज्या विमानांकडे फक्त साधा मोड सी किंवा मोड एस ट्रान्सपॉन्डर (रडारच्या विचारणेला उत्तर देणारं उपकरण) आहे ती आपली जागा कळवत नाहीत. उपकरण त्यांचं अंतर सिग्नलच्या जोरावरून अंदाजाने काढतं, दिशा सांगू शकत नाही. असं विमान बरोबर तुमच्या पोटाखाली असेल तर पंखांच्या आणि पत्र्याच्या सावलीमुळे त्याचा सिग्नल क्षीण पोचतो, आणि पडद्यावर ते आहे त्यापेक्षा कितीतरी लांब दिसतं. चूक नेमकी घातक बाजूला होते.

त्यामुळे धातूच्या विमानासाठी माझं स्पष्ट मत आहे की फ्लार्मच्या अँटेना बाहेर हव्यात. एक छपरावर, एक पोटाखाली. उपकरणाला दोन अँटेनांची सोय असेल तर दोन्ही वापराच. मात्र माहितीपुस्तिका नीट वाचा, कारण काही उपकरणांत दुसरी अँटेना फक्त ऐकते, प्रसारण पहिलीतूनच होतं. अशा वेळी प्रसारण करणारी अँटेना कुठे असावी हा वेगळा निर्णय आहे. मी ती बहुधा छपरावर देतो, कारण पीए-२८च्या पोटाखाली ट्रान्सपॉन्डरची अँटेना आधीच बसलेली असते.

छपरावरची जागा निवडताना आकडे लक्षात ठेवा. युरोपात फ्लार्म ८६८.२ आणि ८६८.४ मेगाहर्ट्झवर चालतं. तरंगलांबी साधारण ३४.५ सेंटिमीटर, म्हणून पाव तरंगाची दांडी ८.६ सेंटिमीटरची. १०९०साठी तीच दांडी ६.९ सेंटिमीटर. दोन्ही अँटेना दिसायला सारख्या असतात आणि अदलाबदल सर्रास होते, तेव्हा बसवण्याआधी पट्टी लावून मोजा. पाव तरंगाच्या दांडीला खाली धातूची जमीन लागते, ग्राउंड प्लेन. तुमचं छप्परच ते काम करतं, फक्त अँटेनाच्या बुडाखालचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करायला हवा आणि बसवल्यावर कडेने सीलंट. रंगावर तशीच बसवलेली अँटेना पहिले काही महिने चालते, मग पाणी शिरतं, गंज धरतो आणि पल्ला हळूहळू आक्रसत जातो. पातळ पत्र्याला आतून डब्लर प्लेट (बळकटीसाठी जोडलेला जादा पत्रा) हवीच, नाहीतर कंपनाने भोकाभोवती चीर जाते.

छपरावर बहुतेक वेळा व्हीएचएफच्या (बोलण्याच्या रेडिओच्या) एकदोन उंच दांड्या, जीपीएस आणि मागे ईएलटीची (अपघात झाल्यावर धोक्याचा सिग्नल देणाऱ्या यंत्राची) अँटेना असते. व्हीएचएफची दांडी अर्ध्या मीटरहून उंच असते आणि फ्लार्मच्या अँटेनासाठी तो एक उभा धातूचा खांब असतो. जवळ लावलीत तर तो खांब काही दिशांना सावली पाडतो, काहींना परावर्तन करतो. मी अर्ध्या मीटरच्या आत जात नाही, आणि जागा असेल तर मीटरभर सोडतो. जीपीएसच्या अँटेनापासूनही असंच अंतर ठेवा.

ट्रान्सपॉन्डरचं प्रकरण मात्र आकड्यांनीच पटतं. तुमच्या ट्रान्सपॉन्डरची शिखरशक्ती २५० वॉट धरू. ढोबळ हिशेबाने, त्याच्या अँटेनापासून ३० सेंटिमीटरवर ठेवलेल्या दुसऱ्या अँटेनात प्रत्येक स्पंदाला सव्वा वॉटच्या आसपास शक्ती शिरते. १ मीटरवर ती ०.१२ वॉट होते, २ मीटरवर ०.०३. आणि ऐकायचं काय आहे? ५ किलोमीटरवरच्या विमानातलं फ्लार्म २५ मिलिवॉटने बोलत असेल तर तुमच्यापर्यंत पोचतो तो साधारण एका वॉटचा एक लाख कोटीवा भाग. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलपथकाच्या मधोमध उभं राहून पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकण्यासारखं आहे हे. ट्रान्सपॉन्डरचे स्पंद अतिशय छोटे असतात, एडीएस-बीचा पूर्ण संदेशसुद्धा १२० मायक्रोसेकंदांत संपतो, म्हणून उपकरण बाकीचा वेळ ऐकू शकतं. पण रिसीव्हरच्या पहिल्याच टप्प्यावर असे तडाखे रोज बसत राहिले तर तो कायमचा बहिरा होऊ शकतो, आणि हे बिघाड आपोआप कुणाला कळत नाहीत. पोटाखालची दुसरी अँटेना म्हणूनच ट्रान्सपॉन्डरपासून किमान १ मीटर, शक्यतो दोन. मध्ये चाकाची दांडी किंवा पायरी येणार नाही तेही बघा. डीएमई (जमिनीवरच्या केंद्रापासूनचं अंतर मोजणारं उपकरण) असेल तर त्याची अँटेनाही याच पट्ट्यात प्रसारण करते, तिलाही हाच नियम.

सगळ्यांना भोकं पाडणं जमत नाही. भागीदार तयार नसतात, विमान भाड्याचं असतं. आतच लावायची झाली तर निदान चार गोष्टी पाळा.

अँटेना उभी हवी, अगदी उभी. ही सगळी यंत्रणा उभ्या ध्रुवीकरणावर, म्हणजे उभ्या दिशेत कंपणाऱ्या लहरींवर, चालते. ४५ अंश कलली तर ३ डेसिबल जातात, आडवी झोपवली तर तत्त्वतः २० डेसिबलहून जास्त. काचेच्या उतारावर चिकटवलेली पट्टीसारखी अँटेना काचेबरोबर कलते हे लक्षात येत नाही, विमान जमिनीवर समतल उभं असताना बाहेरून बाजूने बघा. दुसरं, पीए-२८च्या समोरच्या काचेच्या मधोमध धातूची पट्टी आहे, अँटेना तिच्यापासून आणि कडेच्या खांबांपासून शक्य तितकी लांब ठेवा. नऊ-दहा सेंटिमीटरवर असा उभा धातू आला की अँटेनाचा सूरच बदलतो. द्विध्रुव अँटेना (दोन भुजांची, खाली धातूची जमीन न लागणारी) असेल तर तिची केबल आधी आडवी बाहेर काढा, दांडीला समांतर खाली सोडू नका. तिसरं, एक अँटेना पुढे असेल तर दुसरी मागच्या बाजूच्या खिडकीत द्या. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणी, या फ्रिक्वेन्सीला ते चांगलंच शोषतं, म्हणून मागच्या सीटवर प्रवासी असताना आणि नसताना फरक पडणारच.

चौथी गोष्ट टॅब्लेटची, आणि ही जवळजवळ प्रत्येक कॉकपिटमध्ये दिसते. नकाशाचं ॲप चालवणारा, सिमकार्ड घातलेला टॅब्लेट किंवा फोन अँटेनाच्या शेजारीच अडकवलेला असतो. युरोपात मोबाइलचे हँडसेट ८३२ ते ८६२ आणि ८८० ते ९१५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत प्रसारण करतात. फ्लार्मचे ८६८ या दोन्हींच्या मधल्या अरुंद फटीत बसतंय. वर गेल्यावर फोनला टॉवर नीट सापडत नाही, तो पूर्ण जोराने हाका मारत राहतो, तुमच्या अँटेनापासून वीतभर अंतरावर. फ्लाइट मोड लावा, वाय-फाय तेवढं चालू ठेवा. सिगारेट लायटरमध्ये घातलेले स्वस्तातले यूएसबी चार्जर आणि काही ॲक्शन कॅमेरे यांचाही गोंगाट मोठा असतो, जीपीएसला तर कॅमेरा फारच जाचतो.

जीपीएसच्या वडीच्या बुडाशी बहुधा चुंबक असतो, चुंबकी बुडाच्या छोट्या अँटेनांनाही. ती हातात धरून कंपासजवळ सावकाश न्या. सुई सरकायला लागते ते अंतर मोजा आणि त्याच्या दुप्पट लांब ठेवा. जमिनीवर मिनिटभराचं काम आहे, आणि ते केलेलं मी फार क्वचित पाहिलंय.

केबलकडे आता बघू, कारण चांगल्या जागेची कमाई इथे गळून जाते. बारीक, लवचिक आरजी-१७४ केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे सुमारे १ डेसिबल खाते. तीन मीटर लांबीत ३ डेसिबल, म्हणजे पल्ला जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. आरजी-५८ त्याहून बरी, दुहेरी जाळीची आरजी-४०० आणखी बरी आणि विमानात तीच वापरावी. उरलेली केबल गुंडाळून पॅनेलमागे कोंबू नका, कापून नवा कनेक्टर क्रिंप करा. व्हीएचएफच्या केबलबरोबर एकाच जुडीत बांधू नका. आणि कनेक्टरच्या तोंडात टॉर्च मारून बघा. एसएमए आणि उलट्या ध्रुवाचा एसएमए हे दोन प्रकार आट्यांना अगदी सारखे असतात, एकमेकांवर घट्ट बसतात. पण चुकीच्या जोडीत दोन्हीकडे मधली पिन नसते, नुसती भोकं समोरासमोर येतात. हाताला सगळं पक्कं लागतं, तारेचा संपर्कच नसतो, आणि तरीही जवळची विमानं दिसत राहतात, त्यामुळे संशय येत नाही. वाय-फायच्या सामानातून आणलेल्या अँटेनांत हे हमखास होतं.

दुसरी तक्रार, बोलताना जाणारं जीपीएस. जीपीएस ऐकतं १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, आणि तो सिग्नल वर सांगितलेल्या फ्लार्मच्या संदेशाहूनही हजारो पटींनी क्षीण असतो. तुमच्या व्हीएचएफ रेडिओतून मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिच्या पटीतलेही थोडे स्वर बाहेर पडतात. १३१.२८५ गुणिले १२ करा किंवा १२१.१८६ गुणिले १३ करा, दोन्ही वेळा उत्तर जीपीएसवर येतं. म्हणूनच ‘कधीकधी’ होतं, ठरावीक फ्रिक्वेन्सींवरच. तपासणीची रीत ठरलेली आहे: विमान उघड्यावर उभं करा, जीपीएसचा उपग्रह दाखवणारा पडदा लावा, आणि १२१.१५०, १२१.१७५, १२१.२००, १३१.२५०, १३१.२७५, १३१.३०० या फ्रिक्वेन्सींवर, आधी तिथे कुणी बोलत नाही ना हे ऐकून, प्रत्येकी अर्धा मिनिट माइकचं बटण दाबून धरा. चाचणी चालू असल्याचं सांगा. उपग्रहांचे खांब कोसळले तर कारण सापडलं. आधी वडी व्हीएचएफ अँटेनापासून लांब न्या, छपरावर नेलीत तर आकाशही पूर्ण मिळेल. तरी होत असेल तर ईएलटीच्या अँटेनाची केबल तात्पुरती काढून पुन्हा बघा. बंद ईएलटीसुद्धा व्हीएचएफची शक्ती झेलून हे स्वर पुन्हा फेकतं, हे जुनं ठाऊक दुखणं आहे. शेवटचा उपाय व्हीएचएफच्या केबलमध्ये नॉच फिल्टर, म्हणजे नेमकी एक फ्रिक्वेन्सी अडवणारी गाळणी. या तक्रारीला हलकं घेऊ नका: जीपीएस गेलं की फ्लार्मला सांगायला स्वतःची जागाच उरत नाही, आणि तेवढा वेळ इतरांच्या पडद्यावरून तुम्ही नाहीसे होता. तेही नेमके सर्किटमध्ये, जिथे सगळे सतत बोलत असतात.

तिसरी तक्रार सोपी आहे. सतत सोबत असणारं ते विमान म्हणजे बहुधा तुमचाच ट्रान्सपॉन्डर. उपकरणाच्या सेटिंगमध्ये तुमच्या विमानाचा २४ बिटांचा पत्ता, सहा अक्षरी हेक्स कोड, भरायचा राहिलाय किंवा चुकलाय. ट्रान्सपॉन्डरमध्ये भरलेला आणि इथला कोड तंतोतंत एक हवा. ब्रिटिश नोंदणीचे कोड ४० ते ४३ने सुरू होतात, भारतीय ८० ते ८३ने. परदेशातून आणून पुन्हा नोंदवलेल्या विमानात जुनाच कोड राहून गेलेला असू शकतो, म्हणून नोंदणीपत्राशी ताडून बघा.

भागीदारांपैकी कुणी पायलटअवेअर किंवा स्कायएकोसारखं, आसपासची विमानं दाखवणारं हातातलं उपकरणही आणत असेल तर दोन शब्द. पायलटअवेअर ८६९.५ मेगाहर्ट्झच्या आसपास, फ्लार्मच्या कितीतरी पट शक्तीने बोलतं. दोन्ही अँटेना शेजारी ठेवल्या तर फ्लार्मचे कान भरतात. एक पुढे, एक मागे. आणि तुमचा ट्रान्सपॉन्डर एडीएस-बी प्रसारण करत असेल तर स्कायएको फक्त ऐकण्याच्या मोडवर ठेवा, एका विमानाने दोनदा आपली जागा सांगायची नसते.

हे वाचणाऱ्यांत फायबरची विमानं उडवणारेही असतील, कुणी आपलं हंसा-३ चालवणारंही असेल. काचतंतूच्या धडातून या लहरी आरपार जातात, तिथे द्विध्रुव अँटेना आत लावली तरी चालते. पाव तरंगाची लावायची तर खाली तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची वीतभर व्यासाची चकती द्या. कार्बनतंतू मात्र वीज वाहतो, त्याला धातूच समजा. डायमंडसारख्या विमानांत दोन्ही असतात, तेव्हा कुठे काय आहे ते निर्मात्याच्या कागदांतून बघून मगच जागा ठरवा. रंगावरून काही कळत नाही.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. चिकटवलेलं, काढता येणारं उपकरण वेगळं आणि पत्र्याला भोक वेगळं. भोक पाडायचं तर तुमच्या परवानाधारक इंजिनिअरला आधी गाठा. फ्लार्मसाठी सीएस-स्टॅनमध्ये (छोट्या बदलांच्या मानक नियमावलीत) सीएस-एससी०५१ हा मानक बदल आहे, त्यामुळे कागदपत्रं वाटतात तेवढी जड नाहीत.

बसवून झाल्यावर मोजल्याशिवाय थांबू नका. उपकरण उड्डाणाची आयजीसी फाइल (मार्गाची नोंद) साठवत असेल तर चारपाच उड्डाणांच्या फाइली फ्लार्मच्या संकेतस्थळावरच्या पल्ला-विश्लेषणात टाका. विमानाभोवती कोणत्या दिशेला किती लांबून ऐकू येतंय त्याचं वर्तुळ मिळतं. एकाच उड्डाणावरून निष्कर्ष काढू नका, भेटलेली विमानं पुरेशी नसतात. सगळीकडून सारखाच लहान पल्ला आला तर केबल आणि कनेक्टर तपासा. एकाच दिशेला खोल खाच दिसली तर त्या दिशेला कोणता धातू उभा आहे ते विमानाजवळ जाऊन शोधा. मागची बाजू पूर्ण सपाट आली तर दुसरी अँटेना चालतच नाही असं धरा. आत्ता, काहीही हलवण्यापूर्वी, आहे त्या स्थितीतलं एक वर्तुळ काढून ठेवा. नवं वर्तुळ त्यावर ठेवलं की भागीदारांना खर्च का केला हे वेगळं सांगावं लागणार नाही. मग दर वार्षिक तपासणीला, आणि रंगकाम झालं की लगेच, पुन्हा एकदा.